सीडीतली माहिती नेमकी असते कुठे?

आजोबांच्या पंचाहत्तरीची सीडी आत्याच्या कपाटात वीस वर्षं पडून होती. आत्याने ती जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यात गुंडाळून ठेवली होती. त्यामुळे खालची चकचकीत बाजू अगदी आरशासारखी होती, एक चरा नाही. वरच्या बाजूला व्हिडिओवाल्याने आजोबांचा फोटो छापलेला कागदी स्टिकर चिकटवला होता, तो कडेला सुटायला लागला होता. मी तो नीट काढून टाकावा म्हणून ओढला, तर स्टिकरबरोबर चंदेरी पापुद्राही उचलून आला. नखाएवढीच जागा, पण तिथून सीडी काचेसारखी आरपार दिसायला लागली.

आत्या म्हणाली, "अरे, वरचा रंगच निघालाय ना? खालची बाजू तर शाबूत आहे."

खालची बाजू शाबूत होती. पण माहिती त्या बाजूला नव्हतीच.

आपण सगळे वर्षानुवर्षं सीडी टेबलावर ठेवताना छापील बाजू खाली आणि चकचकीत बाजू वर ठेवायचो. चकचकीत बाजूला ओरखडा पडू नये म्हणून. प्रत्यक्षात सीडी १.२ मिलिमीटर जाड असते आणि ही जवळपास सगळी जाडी म्हणजे निव्वळ पारदर्शक प्लॅस्टिक, पॉलिकार्बोनेट. माहितीचे खड्डे असतात या प्लॅस्टिकच्या वरच्या अंगाला. त्यावर धातूचा अतिशय पातळ परावर्तक थर, त्यावर काही मायक्रॉनचा लॅकरचा थर, आणि लगेच छपाई. म्हणजे चकचकीत बाजूने माहितीला मिलिमीटरभर जाडीची ढाल आहे आणि छापील बाजूने जेमतेम रंगाचा एक हात. आपण जपत होतो ती बाजू मुळातच जास्त सुरक्षित होती.

डीव्हीडीत मात्र माहिती बरोबर मधोमध असते, ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये, सँडविचसारखी. आणि डीव्हीडीनंतर आलेल्या ब्लू-रेमध्ये ती पार दुसऱ्या टोकाला गेलेली असते, चकचकीत बाजूपासून फक्त ०.१ मिलिमीटर आत. तिन्ही तबकड्या शेजारी ठेवल्या तर आकारावरून ओळखू येणार नाहीत. तोच १२० मिलिमीटरचा व्यास, तीच जाडी, मधलं भोकही तेच. पण १९८२ ते २००६ या काळात माहितीचा थर वरून खाली सरकत आला. तो का सरकला हे कळलं, की प्रकाशावर चालणाऱ्या तबकड्या सुधारायच्या म्हणजे नेमकं काय करायचं तेही कळतं. लेसरचा रंग बदलला, लाल गेला, निळा आला, एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. माझ्या मते खरी गोष्ट त्या प्लॅस्टिकच्या जाडीत आहे, आणि ती फारशी कुणी सांगत नाही.

खड्डे आणि उजेड

सीडीवर आतून बाहेर जाणारी एकच सलग वळणदार रेघ असते, उदबत्तीच्या कॉइलसारखी. दोन शेजारच्या फेऱ्यांमध्ये १.६ मायक्रॉनचं अंतर असतं. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ही रेघ सरळ उलगडली तर पाच किलोमीटरच्या वर भरते. ब्लू-रेवरची रेघ सत्तावीस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे चर्चगेटहून निघून अंधेरीच्याही पुढे.

या रेघेवर लांब-आखूड खड्डे असतात. लेसरचा किरण प्लॅस्टिकमधून जाऊन खड्ड्यावर आपटला की परत येणारा उजेड मंद होतो, सपाट जागेवरून आला की प्रखर असतो. खड्ड्याची खोली प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण पाव भाग ठेवलेली असते. खड्ड्यातून आलेली लाट आणि आजूबाजूच्या सपाट जागेवरून आलेली लाट यांच्यात जाऊन-येऊन अर्ध्या लाटेचा फरक पडतो. एकीचा चढ दुसरीच्या उतारावर पडतो आणि दोघी एकमेकींना मारतात. शाळेतला व्यतिकरणाचा धडा आठवत असेल, तोच हा.

इथे एक गैरसमज सगळीकडे आढळतो. खड्डा म्हणजे शून्य आणि सपाट म्हणजे एक, असं पाठ्यपुस्तकांतसुद्धा असतं. तसं नाही. 'एक' असतो खड्ड्याच्या कडेवर. सपाटवरून खड्ड्यात उतरताना एक, खड्ड्यातून वर चढताना एक, आणि मधलं सगळं अंतर म्हणजे शून्यांची रांग. ती रांग किती लांब आहे हे प्लेअर वेळेवरून मोजतो.

आता अडचण बघा. प्रकाशाला हवा तितका बारीक ठिपका करता येत नाही. एर्न्स्ट आबे या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच सूक्ष्मदर्शकासाठी हा हिशेब मांडला होता. सर्वांत लहान ठिपका तरंगलांबी भागिले भिंगाच्या 'न्यूमरिकल अ‍ॅपर्चर'ची दुप्पट, साधारण एवढा असतो. न्यूमरिकल अ‍ॅपर्चर म्हणजे भिंग किती मोठ्या कोनातून उजेड एकत्र आणतं त्याचं माप. भिंग जितकं रुंद आणि जितकं जवळ, तितकं हे माप मोठं आणि ठिपका लहान. ठिपक्यापेक्षा दाट खड्डे कोरले तर लेसरला ते वेगळे दिसणार नाहीत. जाड टोकाच्या खडूने बारीक अक्षर काढता येत नाही, तसंच.

म्हणजे हातात दोनच गोष्टी: तरंगलांबी कमी करा किंवा भिंग तीव्र करा. सीडीत ७८० नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग) लेसर होता आणि अ‍ॅपर्चर ०.४५. डीव्हीडीत ६५० आणि ०.६०. ब्लू-रेत ४०५ आणि ०.८५. भागाकार केला तर ठिपका सुमारे ८७० नॅनोमीटरवरून ५४० वर आणि तिथून २४० वर येतो.

कागदावर हे सोपं दिसतं. हातात मावणाऱ्या, घरात पडून राहणाऱ्या, मुलांनी बोटं लावलेल्या तबकडीवर ते सोपं नाही.

जाडी का घटवावी लागली

सीडीचं प्लॅस्टिक एवढं जाड ठेवण्यामागे फार सुंदर विचार होता. किरण तबकडीच्या पृष्ठभागावर शिरतो तेव्हा तो रुंद असतो, सीडीत सुमारे ०.७ मिलिमीटर. आत जाताजाता तो निमुळता होतो आणि माहितीच्या थरावर जेमतेम मायक्रॉनभराचा उरतो. पृष्ठभागावर धुळीचा कण बसला तर तो या रुंद किरणाचा लहानसा भागच अडवतो, आणि तो लेसरला स्पष्ट दिसतही नाही. खिडकीच्या काचेवर माशी बसली असली तरी आपण समोरचं झाड बघतो, माशी धूसर होते. सीडी पुसून पुसून वापरता आली ती या युक्तीमुळे. ग्रामोफोनच्या तबकडीत सुई प्रत्यक्ष खाचेत फिरायची, धूळ सुईखालीच यायची. सीडीने माहिती एका खिडकीमागे ठेवली.

पण जाड खिडकीचा एक दोष आहे. तबकडी पूर्ण सपाट कधीच नसते. थोडी वाकलेली असते, फिरताना थोडी कलते. किरण प्लॅस्टिकमधून तिरका गेला की ठिपका गोल न राहता त्याला धूमकेतूसारखी शेपटी फुटते. प्रकाशशास्त्रात या दोषाला 'कोमा' म्हणतात. शेपटी शेजारच्या फेरीवर गेली की तिकडची माहिती इकडे मिसळते.

हा दोष तीन गोष्टींवर ठरतो. प्लॅस्टिक जितकं जाड तितका तो जास्त. तरंगलांबी जितकी कमी तितका जास्त. आणि अ‍ॅपर्चरच्या घनाच्या प्रमाणात जास्त. हा घन घात करतो.

आकडे मांडून बघू. सीडीकडून ब्लू-रेकडे जाताना अ‍ॅपर्चर ०.४५ वरून ०.८५ झालं, म्हणजे १.८९ पट. त्याचा घन पावणेसातच्या आसपास. तरंगलांबी ७८० वरून ४०५, म्हणजे हा दोष आणखी १.९३ पट. गुणाकार केला तर तेरा. सीडीचं १.२ मिलिमीटर प्लॅस्टिक तसंच ठेवून निळा लेसर आणि तीव्र भिंग लावलं असतं, तर तेवढ्याच कलण्याने शेपटी तेरापट मोठी झाली असती. अशी तबकडी कुठल्याच घरात चालली नसती.

आता प्लॅस्टिक १.२ वरून ०.१ वर आणा. जाडी बारापट कमी. वर तेरापट वाढ, खाली बारापट घट. कलण्याच्या बाबतीत ब्लू-रे जवळपास सीडीइतकीच सहनशील राहिली. मला हा हिशेब पहिल्यांदा कळला तेव्हा मी वहीत तीनदा करून पाहिला, इतका तो चपखल बसतो. ०.१ हा आकडा कुणाला सहज सुचलेला नाही, भिंगाने तो भाग पाडला.

डीव्हीडीची ०.६ ही अशीच मधली पायरी. पण ०.६ मिलिमीटरची एकटी चकती पापडासारखी वाकते. म्हणून अशा दोन चकत्या पाठीला पाठ लावून चिकटवल्या. जाडी पुन्हा १.२ झाली आणि दोन्ही बाजूंची ओढ सारखी असल्यामुळे तबकडी जास्त सपाट राहिली. शिवाय माहिती दोन्हीकडून झाकली गेली. घरगुती वापराच्या दृष्टीने या तिघींत डीव्हीडीची बांधणी मला सर्वांत समजूतदार वाटते. आत्याकडे सीडीऐवजी डीव्हीडी असती, तर माझ्या हातून स्टिकरबरोबर माहिती उपटली गेली नसती.

मग ब्लू-रेचं काय? तिथे खिडकी ०.१ मिलिमीटरची झाली, म्हणजे पृष्ठभागावर किरण जेमतेम ०.१३ मिलिमीटर रुंद. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. सीडीवर केस पडला तर तो किरणाचा दहावा-आठवा हिस्सा अडवतो, ब्लू-रेवर अर्ध्याहून जास्त. खिडकीवरची माशी आता डोळ्यासमोरच आली. म्हणून सुरुवातीच्या ब्लू-रे तबकड्या प्लॅस्टिकच्या डबीत बंद असायच्या, जुन्या फ्लॉपीसारख्या. पुढे टीडीके या जपानी कंपनीने पृष्ठभागावर लावायचं अतिशय कठीण लेपन तयार केलं आणि डबी गेली. आज ब्लू-रेवर सहज चरा पडत नाही तो या लेपामुळे. पण पडलाच, तर माहिती लगेच खाली आहे.

या सगळ्यात भिंगाने केलेले कष्ट दिसत नाहीत. तबकडी फिरताना अर्धा मिलिमीटरपर्यंत वरखाली होऊ शकते. सीडीत ठिपका स्पष्ट राहायला भिंगाने अंतर दोनेक मायक्रॉनच्या आत सांभाळावं लागतं, ब्लू-रेत पाव मायक्रॉनच्या आसपास. यासाठी भिंग बारीक तारांवर तरंगत ठेवलेलं असतं आणि चुंबकाच्या साहाय्याने ते सेकंदाला शेकडो वेळा हलतं. जुना बिघडलेला प्लेअर उघडाल तर ते भिंग बोटाने हलकेच दाबून बघा, पाण्यावर ठेवलेल्या पानासारखं डोलतं.

हळदीचा डाग

ठिपका बारीक झाला म्हणून जागा वाढली, हे अर्धंच खरं. सीडीचा आणि ब्लू-रेचा ठिपका घेतला तर क्षेत्रफळात फरक तेरापटीचा. पण माहिती मावते ती ६५० मेगाबाइटच्या जागी २५ गिगाबाइट, पस्तीसपटीहून जास्त. मधला जवळपास तिपटीचा फरक कुठून आला? थोडा खड्डे अजून दाटीने कोरल्यामुळे. आणि त्याहून जास्त लिहिण्याची पद्धत सुधारल्यामुळे.

तबकडीवर बिट, म्हणजे ते एक आणि शून्य, जसेच्या तसे लिहीत नाहीत. दोन कडा फार जवळ आल्या तर लेसरला वेगळ्या दिसत नाहीत, फार लांब गेल्या तर प्लेअरचं घड्याळ चुकतं. म्हणून दर आठ बिटांच्या जागी आधी ठरवलेलं, कडा योग्य अंतरावर असलेलं लांब चिन्ह लिहितात. फिलिप्समधल्या केस इमिंक या डच अभियंत्याने सीडीसाठी बसवलेल्या पद्धतीत आठ बिटांना, दोन चिन्हं जोडणारे बिट धरून, सतरा जागा लागायच्या. डीव्हीडीत सोळा लागल्या, ब्लू-रेत बारा.

दुसरा खर्च चुका दुरुस्त करण्याचा. हे समजायला किराणा दुकानदाराचं बिल घ्या. सात जिनसा, सात किमती, खाली बेरीज. बिलावर हळदीचा डाग पडला आणि तुरडाळीची किंमत पुसली गेली तर काय करता? बेरजेतून बाकीच्या सहा वजा करता, किंमत मिळते. बेरीज ही माहितीत नवी भर घालत नाही, ती नुसती जास्तीची ओळ आहे. पण डाग पडतो त्या दिवशी तीच कामाला येते. अर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोन अमेरिकन गणितज्ञांनी १९६० मध्ये अशा 'बेरजां'ची फार ताकदवान पद्धत मांडली. सीडीत दर चोवीस बाइटला (बाइट म्हणजे आठ बिट) अशा आठ बाइटची जोड असते.

पण डाग मोठा असला आणि लागोपाठच्या तीन किमती पुसल्या गेल्या तर एका बेरजेने भागत नाही. तबकडीवर ओरखडा असाच पडतो, सलग. म्हणून इथे आणखी एक युक्ती. शंभर बिलं असतील तर ती एकाखाली एक न लिहिता मिसळून लिहायची: पहिल्या बिलाची एक ओळ, मग दुसऱ्याची एक, मग तिसऱ्याची. आता सलग डाग पडला तर प्रत्येक बिलाची एकेकच ओळ जाते, आणि ती बेरजेतून परत मिळते. सीडीत माहिती अशी शंभरावर चौकटींमध्ये पसरवलेली असते. त्यामुळे रेघेवरचा जवळपास अडीच मिलिमीटरचा सलग भाग नाहीसा झाला तरी गाणं अडखळत नाही.

डीव्हीडीत ओळींच्याही बेरजा घेतल्या आणि स्तंभांच्याही. ब्लू-रेत त्यापुढचा विचार आहे. चूक कुठे झाली हे आधीच माहीत असेल तर तेवढ्याच बेरजांत दुप्पट चुका दुरुस्त होतात, कारण अर्धी मेहनत चूक शोधण्यात जाते. म्हणून ब्लू-रेत माहितीच्या मध्ये ठरावीक अंतरावर जास्त मजबूत संरक्षण असलेले बाइट बसवले. हे पहारेकरी. लागोपाठचे दोन पहारेकरी जखमी दिसले, की त्यांच्यामधलं सगळं संशयित धरायचं. खिडकी पातळ केल्यामुळे ओरखड्यांचा जो धोका वाढला, तो असा गणिताने भरून काढला.

सगळा हिशेब केला तर डेटा-सीडीवर कोरलेल्या दर शंभर बिटांपैकी आपल्या कामाचे असायचे सुमारे अठ्ठावीस, ब्लू-रेवर चौपन्न. लेसरला हातही न लावता जागा दुपटीच्या जवळ गेली. मला हे निळ्या लेसरइतकंच मोठं काम वाटतं.

याच कारणासाठी तबकडी पुसायची ती मधून कडेकडे, सरळ. गोल गोल नाही. सरळ पुसताना बारीक चरा पडला तर तो प्रत्येक फेरीला आडवा, क्षणभर छेदतो आणि बेरजा तो सहज भरून काढतात. गोल चरा एकाच फेरीवरून लांबवर जातो, अडीच मिलिमीटर कधीच ओलांडतो, आणि मग कुठलीच बेरीज पुरत नाही.

निळा उजेड

निळा लेसर हवा आहे हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं, तो बनवता येत नव्हता. त्यासाठी लागणारे गॅलियम नायट्राइडचे निर्दोष स्फटिक वाढवायला अनेक वर्षं गेली. इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांनी त्यातून आधी निळा एलईडी उजळवला. या कामाला २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळा-जांभळा लेसर त्याच वाटेवर पुढे आला.

त्यानंतर भांडण झालं ते पुन्हा जाडीवरून. ब्लू-रेची स्पर्धक असलेल्या तोशिबाच्या एचडी डीव्हीडीने निळा लेसर घेतला पण ०.६ मिलिमीटरची चकती तशीच ठेवली. त्यात शहाणपण होतं: डीव्हीडीचे कारखाने थोड्या फेरफाराने वापरता आले असते. पण ०.६ जाडीत भिंग ०.६५ च्या पुढे नेता येईना आणि एका थरावर १५ गिगाबाइटच मावले. ब्लू-रेवाल्यांनी जुनी यंत्रं सोडून ०.१ ची वाट धरली आणि २५ मिळवले. फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने माघार घेतली. त्या निकालात चित्रपट कंपन्यांचे करारमदार फार होते, नुसती बांधणी नव्हती. तरी जाडीचा निर्णय घेतला त्या दिवशीच कमाल मर्यादा ठरून गेली होती.

इथून पुढे आबेच्या सूत्रात फारसं काही उरत नाही. हवेत अ‍ॅपर्चर एकच्या पुढे जात नाही आणि ०.८५ तर गाठलंच आहे. तरंगलांबी आणखी कमी करावी तर पुढे अतिनील किरण येतात, आणि ते पॉलिकार्बोनेट शोषून घेतं. खिडकीच अपारदर्शक होते. मग एकच दिशा उरली, खोली. एकावर एक थर. वरचा थर अर्धपारदर्शक ठेवायचा आणि भिंग खालच्या थरावर रोखायचं. ब्लू-रेत तीन थरांवर १०० गिगाबाइटपर्यंत जाता आलं, सोनी आणि पॅनासॉनिकने २०१४ मध्ये जाहीर केलेल्या संग्रहासाठीच्या तबकडीत दोन्ही बाजूंना तीन-तीन थर धरून ३०० पर्यंत. पण प्रत्येक थर उजेड खातो. खालच्या थराकडे जाताना एकदा आणि परत येताना पुन्हा.

२०१४ मध्येच रसायनशास्त्राचं नोबेल आबेची मर्यादा ओलांडणाऱ्या सूक्ष्मदर्शकांसाठी दिलं गेलं. श्टेफान हेल त्यातले एक. त्यांची युक्ती अशी: एका किरणाने रेणू उजळवायचे आणि लगेच दुसरा किरण सोडायचा, मेदुवड्याच्या आकाराचा, मधोमध भोक असलेला. वडा पडतो तिथले रेणू विझतात, भोकातले तेवढे उजळ राहतात. उजेडाचा ठिपका जुनाच, पण काम होतं ते भोकापुरतं, आणि दुसरा किरण तीव्र करत नेला की भोक आणखी बारीक होतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये शांघायच्या संशोधकांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध केलं की त्यांनी हीच युक्ती तबकडीवर लिहायला आणि वाचायला वापरली. ५४ नॅनोमीटरचे ठिपके आणि एकेका मायक्रॉनवर शंभर थर. यात परावर्तक धातू नाही. एकत्र आले की उजळणारे खास रेणू पारदर्शक माध्यमात मिसळलेले असतात, त्यामुळे वरचे थर खालच्यांचा उजेड फारसा अडवत नाहीत. एका तबकडीएवढ्या जागेत १.६ पेटाबिट मावू शकतात, म्हणजे सुमारे दोन लाख गिगाबाइट, आठ हजार ब्लू-रे. मात्र लिहिण्याचा वेग अजून फार कमी आहे आणि यंत्रं प्रयोगशाळेतली, महागडी आहेत. ही तबकडी घरात यायला वेळ आहे, पण मोठ्या संग्रहांना तिची गरज खरी आहे. फेसबुकने २०१४ मध्ये दहा हजार ब्लू-रे तबकड्यांचं एक कपाट बनवून दाखवलं होतं ते याच गरजेपोटी. हार्ड डिस्क वाचायची नसली तरी सांभाळावी लागते, वीज मागते, काही वर्षांनी बदलावी लागते. तबकडी कपाटात नुसती पडून राहू शकते.

अर्थात कुठली तबकडी, हे बघावं लागतं. कारखान्यात साच्यातून निघालेल्या सीडीत खड्डे प्लॅस्टिकमध्येच उमटलेले असतात. घरी किंवा स्टुडिओत 'बर्न' केलेल्या सीडीत खड्डे नसतातच. तिथे रंगद्रव्याचा थर असतो, लेसरने तो जागोजागी जाळलेला असतो. हे रंगद्रव्य उन्हाने आणि उष्णतेने फिकं पडतं. लग्नाच्या, मुंजीच्या, बारशाच्या ज्या सीड्या तुमच्याकडे असतील त्या जवळपास सगळ्या या प्रकारच्या आहेत. आज त्या वाचल्या जात असतील तर आजच त्यांची प्रत काढून घ्या. आणि त्यावर चिकटवलेला स्टिकर सुटला असेल तर सुटू द्या, ओढू नका.

आत्याची सीडी मी संगणकात घातली. रेघ आतून सुरू होते, त्यामुळे सुरुवात शाबूत होती. औक्षण, केक, पंगत, दारातल्या रांगोळीवर नाचणारा माझा चुलतभाऊ, सगळं नीट उतरलं. पापुद्रा गेला तो बाहेरच्या कडेला. तिथे सहा मिलिमीटरच्या पट्ट्यात साडेतीन हजारांवर फेऱ्या येतात आणि प्रत्येक फेरी त्या उघड्या जागेवरून जाते. अडीच मिलिमीटरची मर्यादा प्रत्येक फेरीत ओलांडली जाते. बाहेरच्या कडेला एक फेरी पाव सेकंदाच्या आसपास, म्हणजे शेवटची पंधरा मिनिटं चित्र सेकंदाला तीन-चारदा तुटतं.

पडद्यावर आजोबा खुर्चीतून उठतात, कुणीतरी त्यांच्या हातात माइक देतं, ते घसा खाकरतात. तिथून पुढे चौकोन.

आत्याने ते तीनदा लावायला सांगितलं. मग म्हणाली, "घसा खाकरला तो तरी ऐकू येतोय."